पाच सेकंदांचा हिशेब

टेझर म्हणजे तारेने जोडलेले दोन काटे मारून विजेचा झटका देणारी, पोलिसांसाठीची स्टन गन. तिचा घोडा एकदा दाबून सोडला की पाच सेकंद शॉक चालतो आणि यंत्र आपोआप थांबतं. घोडा दाबूनच धरला, तर मात्र एक्स-२६ सारख्या जगभर पसरलेल्या जुन्या मॉडेलमध्ये शॉक थांबत नाही. बोट उचलेपर्यंत किंवा बॅटरी संपेपर्यंत तो चालूच राहतो. स्टन गनच्या गैरवापराची बहुतेक प्रकरणं या एका बोटापाशी येतात. बोट किती वेळ दाबलं, किती वेळा दाबलं, समोर कोण होतं आणि त्याची नोंद नंतर कुणाच्या ताब्यात राहिली, याची उत्तरं ज्या पोलीस दलाकडे तयार नाहीत त्याच्या कमरेला हे यंत्र बांधू नये.

मुंबईत टेझर अजून लाठीसारखा रोजच्या बंदोबस्तात दिसत नाही. पण एखादा लाठीहल्ला गाजला, कुठे गोळीबार झाला की ‘पोलिसांना आता कमी घातक, आधुनिक साधनं द्या’ ही मागणी दोन्हीकडून उठते. लाठी खाणारेही ती करतात आणि लाठी चालवणारेही. मागणीत चूक नाही. हे साधन कशाच्या ऐवजी येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. पिस्तुलाच्या ऐवजी आलं तर जीव वाचू शकतो. हाताच्या किंवा समजावून सांगण्याच्या ऐवजी आलं, तर ज्या दारुड्याला काल दोन शिपाई दंडाला धरून गाडीत बसवत होते त्याच्या अंगातून उद्या करंट जाईल. विकत घेताना कारण पहिलं सांगितलं जातं आणि वापर दुसऱ्यासाठी होतो, हे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात दिसून चुकलं आहे. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१७ साली अमेरिकेतली प्रकरणं तपासली, तेव्हा पोलिसांनी टेझर वापरल्यानंतर झालेले १,००५ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी दर दहांत नऊजण निःशस्त्र होते आणि चारांत एकाला मानसिक आजार किंवा मेंदूचा विकार होता. १५३ प्रकरणांत शॉक हे मृत्यूचं कारण किंवा त्यातलं एक कारण असल्याचं शवविच्छेदनातच म्हटलं होतं. बंदूक चालवायची वेळ आली होती म्हणून टेझर चालवला, असं यातल्या किती जणांबद्दल म्हणता येईल?

आपल्याकडे या चर्चेत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरचं उदाहरण अनेकदा दिलं जातं. ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाने तिथे गोळीबार केला आणि दहाजण मेले. तेव्हा हातात स्टन गन असत्या तर? काहीही फरक पडला नसता. टेझरच्या नेहमीच्या काडतुसाचा पल्ला सहा-सात मीटरचा, एक्स-२६ सारख्या मॉडेलांत सर्वांत लांब तारेचा साडेदहा मीटर. एका काडतुसात एकच माणूस खाली पडतो आणि तो पडलेला असताना शिपाई तारेने त्याला बांधलेला असतो. जमावासाठी हे साधन नाहीच. चैत्यभूमी, आझाद मैदान, गिरगाव चौपाटी, दहीहंडी, कुठल्याही गर्दीच्या बंदोबस्तात त्याला जागा नाही, हे नियमाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं पाहिजे. गर्दीत मारलेला एक काटा हुकला तर तो शेजारच्या पोराच्या डोळ्यात जाऊ शकतो.

यंत्र समजून घेतलं की नियम कुठे हवेत ते आपोआप दिसतं. एक्स-२६ च्या तोंडाशी बसवलेल्या काडतुसात दाबलेला नायट्रोजन असतो. घोडा दाबला की त्याच्या जोरावर दोन बारीक तारा ओढत दोन काटे सुटतात. काट्याचं टोक मासे पकडायच्या गळासारखं उलटं असतं. साध्या काडतुसात ते साडेनऊ मिलिमीटर, जाड कपड्यांसाठीच्या काडतुसात तेरा मिलिमीटर. जाहिरातीतले ५०,००० व्होल्ट हे हवेतून आणि कपड्यातून ठिणगी उडवण्यापुरते. शरीरात प्रत्यक्ष १,२०० व्होल्टच्या आसपास दाब राहतो आणि सेकंदाला सुमारे १९ सूक्ष्म झटके बसतात. सरासरी प्रवाह दोन मिलिअँपिअर. आपल्या घरातला गळती-रक्षक स्विच तीस मिलिअँपिअरला पडतो. म्हणून धडधाकट माणसाचं हृदय यामुळे सहसा बंद पडत नाही, हा उत्पादकांचा दावा खोटा नाही. पण पोलीस ज्यांना पकडतात ते सगळे धडधाकट नसतात, आणि माणूस फक्त हृदय बंद पडूनच मरतो असंही नाही.

वरचा काटा सरळ जातो आणि खालचा आठ अंशांच्या कोनात खाली. म्हणजे दर सात फुटांमागे दोन काट्यांत साधारण एक फूट अंतर पडतं. स्नायू पूर्ण आखडून माणूस जागच्या जागी कोसळायचा, तर दोन काट्यांत सुमारे तीस सेंटिमीटर अंतर हवं आणि त्यासाठी शिपाई दोन मीटरहून जास्त लांब हवा. आता धारावीतली किंवा बेहरामपाड्यातली गल्ली डोळ्यांसमोर आणा, नाहीतर चाळीतला दहा बाय दहाचा खोलीवजा संसार, लोकलचा डबा. समोरचा माणूस तीन-चार फुटांवर असतो. काट्यांत जेमतेम वीतभर अंतर पडतं, त्यातही कमी. माणूस कोसळत नाही, त्याला फक्त भयंकर दुखतं. तो ओरडतो, हात झटकतो, तारा ओढतो. शिपायाला वाटतं यंत्र चाललं नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो. नव्या मॉडेलांत जवळच्या अंतरासाठी रुंद कोनाची वेगळी काडतुसं मिळतात, पण मग कुठलं काडतूस केव्हा, हा निर्णय झटापटीत घ्यावा लागतो. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात हे यंत्र फसण्याची शक्यता मोकळ्या रस्त्यांच्या शहरांपेक्षा जास्त आहे, आणि फसलेला शॉक हाच पुढच्या अतिरेकाचा आरंभ असतो. पावसाळ्यात अंगावरचा ढगळ रेनकोट त्यात भर घालतो. काटा कापडात अडकतो, कातडीपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट शिपायाला शिकवली नाही तर कळणारच नाही. स्नायू आखडलेला माणूस हुकूम पाळू शकत नाही. ‘हात मागे घे, हात मागे घे’ असं ओरडत दुसरा, तिसरा शॉक दिला जातो, कारण तो हात मागे घेत नाही. तो घेऊ शकत नाही म्हणून घेत नाही. बरोबर पद्धत अशी की पहिल्या पाच सेकंदांतच दुसऱ्या शिपायाने बेड्या घालायच्या. काट्यांच्या मधल्या भागाला किंवा तारेला हात लागू दिला नाही तर त्याला करंट लागत नाही. म्हणजे टेझर एकट्या शिपायाने वापरायचं हत्यार नव्हेच. किमान दोघे हवेत, आणि दुसऱ्याच्या हातात बेड्या तयार हव्यात.

आणि पडणं. शॉक बसलेला माणूस हात टेकून सावरत नाही, ओंडक्यासारखा पडतो, डोकं आधी आपटतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावी मे २०२३ मध्ये एका वृद्धाश्रमात ९५ वर्षांच्या क्लेअर नौलँड यांच्यावर पोलिसाने टेझर चालवला. त्या चालण्याचा आधार धरून उभ्या होत्या, हातात जेवणाची सुरी होती. पडून डोक्याला मार लागला आणि आठवडाभराने त्या गेल्या. २०२४ मध्ये त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं गेलं. मुंबईत पडायच्या जागा कमी नाहीत. फलाटाची कड, पुलाचा जिना, चाळीची गॅलरी, अर्धवट बांधकामाची स्लॅब, मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड. उंचीवर किंवा पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसावर शॉक नाही, ही अट शब्दशः लिहावी. कड्यावर उभा राहून ‘उडी मारतो’ म्हणणाऱ्याला शॉक देऊन वाचवता येत नाही, ढकलता येतं.

त्याहून मुंबईच्या ओळखीचा प्रसंग मंत्रालयाच्या दारातला. अंगावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतून घेतलेला माणूस आणि त्याच्या हातातली काडेपेटी. शिपायाला टेझर काढायचा मोह तिथेच सर्वांत जास्त होईल, आणि ठिणगी म्हणजे ठिणगीच. पेट्रोलची वाफ काडीने पेटते तशी टेझरनेही पेटते. काही मिरची-फवाऱ्यांत द्रव अल्कोहोलचा असतो, त्यावरही तेच. अशा जागी ओलं ब्लँकेट आणि अग्निशामक नळकांडं कामाचं आहे. हे फलक लावून सांगावं लागेल, कारण गडबडीत कुणाला आठवत नाही.

इथवर काटे मारायच्या वापराबद्दल झालं. गैरवापराचा खरा गाभा दुसऱ्या पद्धतीत आहे. काडतूस काढलं किंवा आधीच वापरून झालं की टेझरचं तोंड थेट अंगाला लावून घोडा दाबता येतो. दोन धातूच्या टोकांत साधारण चार सेंटिमीटर अंतर असतं. इतक्या कमी अंतरात स्नायू आखडत नाहीत, माणूस निकामी होत नाही, तो फक्त वेदनेने तडफडतो. बाजारात ‘स्टन गन’ म्हणून मिळणाऱ्या दंडुक्यांना आणि टॉर्चसारख्या वस्तूंना तर हीच एक पद्धत येते. ज्या साधनाने माणूस थांबत नाही, फक्त कळवळतो, त्याचा पोलिसी उपयोग कोणता? ‘सांग’ म्हणण्याचा. दुसरा मला तरी दिसत नाही. अमेरिकेतल्या पोलीस प्रमुखांच्याच संशोधन मंचाने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत निव्वळ वेदनेसाठी असा वापर करू नये असं सुचवलं आहे, आणि एकूण शॉक पंधरा सेकंदांच्या पुढे गेला की धोका वाढतो, असंही.

आपल्याकडे कोठडीतला करंट नवा नाही. ‘सत्यशोधक’ नावाचा मारायचा पट्टा ज्या खोलीत असतो त्याच खोलीत वायरही असते, हे फौजदारी वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा. पण वायर हा गुन्ह्याचा पुरावा होता. ती ठाण्यात का होती, याला उत्तर नव्हतं. सरकारी खरेदीची स्टन गन आली की तेच काम करणारी वस्तू साठा नोंदवहीत रीतसर चढलेली असेल, तिच्यावर क्रमांक असेल आणि ती बाळगायचा परवानाही असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० प्रमाणे कबुली काढण्यासाठी इजा करणं हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, जबर इजा असेल तर दहा. पण इजा दिसली तर. शॉकच्या खुणा दोन लालसर ठिपक्यांच्या असतात आणि काही दिवसांत पुसट होतात. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने २००७ मध्ये पोर्तुगालच्या पोलिसांनी घेतलेल्या टेझर एक्स-२६ बद्दल म्हटलं होतं की त्याने होणारी तीव्र वेदना हा छळाचाच एक प्रकार आहे. भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण अजून तो मान्य करून अंमलात आणलेला नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि विरून गेलं. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात पुन्हा मसुदा दिला. तोही तिथेच आहे.

मग आज या यंत्रावर कुठला कायदा लागू होतो? शस्त्र कायदा, १९५९ मधली अग्निशस्त्राची व्याख्या रुंद आहे. स्फोटकाने किंवा ‘इतर ऊर्जेने’ प्रक्षेपक फेकणारं कुठलंही शस्त्र तिच्यात बसतं, आणि वायूच्या जोरावर काटे फेकणारा टेझरही त्या शब्दांत बसायला हरकत नाही. पण त्याच कायद्याचं कलम ४५ कर्तव्यावरच्या लोकसेवकाला त्यातून बाहेर ठेवतं. म्हणजे कायदा नागरिकाला विचारतो, पोलिसाला नाही. अटकेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ आहे. विरोध करणाऱ्याला पकडण्यासाठी ‘आवश्यक ती सर्व साधनं’ वापरता येतात. कलम ४६ म्हणतं की पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक जखडू नये. ही दोन्ही वाक्यं जुन्या संहितेतून जशीच्या तशी आलेली आहेत, आणि ती लिहिली गेली तेव्हा ‘साधन’ म्हणजे हात, दोरी, लाठी, बंदूक होतं. ‘आवश्यक’ कशाला म्हणायचं ते घटनेनंतर ठरतं. तेही बहुतेकदा शिपायाच्याच जबाबावरून.

या ‘आवश्यक’ची व्याख्या आधी लिहून ठेवायची कशी, याचा सर्वांत चांगला नमुना कॅनडाचा आहे. १४ ऑक्टोबर २००७ च्या पहाटे व्हँकूवर विमानतळावर रॉबर्ट जिकान्स्की नावाचा पोलंडहून आलेला माणूस दहाएक तास अडकून पडला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याला घ्यायला आलेली आई बाहेर थांबून परत गेली होती, आणि थकून, बावरून तो खुर्च्या-टेबलं हलवत होता. चार पोलीस आले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत टेझर चालला. एकूण पाच वेळा. तो तिथेच मेला. पोलिसांनी सांगितलेली हकीकत आणि एका प्रवाशाने काढलेलं चित्रीकरण जुळत नव्हतं, आणि खोट्या साक्षीबद्दल टेझर चालवणाऱ्याला पुढे तुरुंगवास झाला. न्यायमूर्ती ब्रेडवुड यांच्या आयोगाने ठरवून दिलेली पायरी साधी आहे. समोरचा माणूस कुणाला शारीरिक इजा करतो आहे किंवा आत्ता, या क्षणी करणार आहे, तरच. तेही कमी बळाने भागत नसेल आणि बोलून उपयोग झाला नसेल तरच. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नाही. जिथे टेझर तिथे हृदयाला झटका देऊन पूर्ववत करणारं यंत्र हाताशी. शिवाय प्रत्येक शस्त्राच्या प्रवाहाची ठरावीक काळाने मोजणी, कारण तपासलेल्या जुन्या टेझरपैकी काही ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह देत असल्याचं कॅनडातच उघड झालं होतं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर तमिळ किंवा संताली बोलणारा, दोन दिवस न झोपलेला एक मजूर बसवून पाहा. ‘ऐकत नाही’ आणि ‘समजत नाही’ यातला फरक मराठी-हिंदीत ओरडून कळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा भटक्या, आजारी माणसाला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. ब्रेडवुडची पायरी इथे आणली तर हा माणूस टेझरच्या कक्षेतून आपोआप बाहेर पडतो. ‘उद्धटपणा’, ‘सहकार्य न करणे’, ‘पळून जाण्याचा प्रयत्न’, ही सगळी कारणंही बाहेर पडतात. चॉपर घेऊन फलाटावर धावणारा आत राहतो. त्याच्यावर गर्दीत गोळी झाडली तर ती त्याच्यातून निघून मागच्यालाही लागू शकते. टेझरला खरीखुरी जागा आहे ती एवढीच, आणि ती नाकारण्यात मला शहाणपण वाटत नाही. बारा तास उभं राहून बंदोबस्त करणाऱ्या शिपायाला लाठी आणि पिस्तूल यांच्यामध्ये काहीतरी हवं असतं, हेही खरं.

पायरी लिहिली म्हणून पाळली जाते असं नाही. ती पाळली का, हे तपासता यावं लागतं. इथे टेझर लाठीपेक्षा चांगला आहे, पण नोंद घेतली तरच. लाठी किती वेळा पडली हे लाठी सांगत नाही. टेझर सांगतो. घोडा कधी दाबला, किती सेकंद चालला, हे यंत्राच्या स्मृतीत उरतं. २०१६ मध्ये इंग्लंडच्या टेलफर्डमध्ये डेलियन ॲटकिन्सन या माजी फुटबॉलपटूवर टेझर चालवला गेला. शेवटचा शॉक ३३ सेकंदांचा होता, त्यानंतर डोक्यावर लाथा बसल्या आणि तो मेला. त्या पोलिसाला २०२१ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. ‘थोडा वेळ दाबला’ आणि ‘३३ सेकंद दाबला’ यांत खटल्याचं अंतर आहे.

पण या नोंदीतही फटी आहेत, आणि बचावाचा वकील नेमका त्यांतून जातो. जुन्या एक्स-२६ मध्ये फक्त घोडा दाबल्याची वेळ आणि अवधी उमटतो. करंट शरीरात गेला की हवेत ठिणगी उडाली, हे कळत नाही. नंतरच्या एक्स-२ आणि एक्स-२६पी मध्ये प्रत्येक झटक्यागणिक किती विद्युतभार गेला तेही साठवलं जातं, म्हणून जोडणी लागली होती का ते सांगता येतं. खरेदीच्या अटीत ही नोंद नसेल तर ते मॉडेल घेऊच नये. दुसरी फट घड्याळाची. यंत्राचं आतलं घड्याळ मागे-पुढे जातं आणि ठरावीक दिवसांनी जुळवलं नाही तर ठाण्यातल्या सीसीटीव्हीशी वेळ जुळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, अधिकाऱ्यांच्या खोल्यांतही आवाजासह सीसीटीव्ही लावून चित्रीकरण १८ महिने जपायला सांगितलं. तो आदेश आणि यंत्राची नोंद एकमेकांना जोडली तरच दोन्हींना अर्थ आहे. आणि तिसरी फट सर्वांत मोठी. नोंद उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड कुणाकडे? त्याच ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाकडे असेल तर सगळंच मुसळ केरात. वापर झाल्यावर यंत्र मुद्देमालासारखं सीलबंद व्हावं, चोवीस तासांत आयुक्तालयाबाहेरच्या हातांनी ते उतरवलं जावं, आणि एक प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जावी.

एक्स-२६ सारख्या टेझरच्या काडतुसातून काट्यांबरोबर बारीक टिकल्याही उडतात, त्यांवर काडतुसाचा क्रमांक छापलेला असतो. पंचनाम्यात त्या गोळा करायला हव्यात. काडतुसांचा साठा गोळ्यांसारखाच मोजून द्यावा-घ्यावा. काडतुसाला साधारण पाच वर्षांची मुदत असते. मुदत संपलेली काडतुसं सरावाला वापरता येतात, बंदोबस्ताला नाहीत. पाळी सुरू होताना ठिणगी-चाचणी घ्यायची, तिचीही नोंद यंत्रात पडते. त्यामुळे ‘चाचणी घेत होतो’ हे मध्यरात्री तीन वाजताचं उत्तर चालू नये म्हणून चाचणीची वेळ आणि जागा ठरवून द्यावी. ब्रिटनमध्ये यंत्र म्यानातून काढलं, रोखलं, लेझरचा लाल ठिपका लावला, ठिणगी दाखवली, अंगाला लावलं, काटे मारले, या प्रत्येकाला ‘वापर’ म्हणतात आणि प्रत्येकाचा अर्ज भरावा लागतो. आपल्याकडे काटे मारले तरच वापर, असं धरलं तर धाक दाखवून काढलेले जबाब कधीच मोजले जाणार नाहीत.

खरेदीबद्दल एक. निविदेत ‘किमान इतके लाख व्होल्ट’ असं लिहिणाऱ्याला वीज कळत नाही असं खुशाल समजावं. कोरड्या हवेत एक सेंटिमीटर ठिणगी उडायला फार तर ३०,००० व्होल्ट लागतात. चार सेंटिमीटरवर दोन टोकं असलेल्या दंडुक्यात लाखभर व्होल्टच्या पुढे दाब चढूच शकत नाही, त्याआधीच ठिणगी पडून तो उतरतो. तरीही ऑनलाइन दहा-वीस लाख व्होल्टचे टॉर्च विकले जातात. मोजायचं ते एका झटक्यातला विद्युतभार, सेकंदाला झटके किती आणि आपोआप थांबण्याची वेळ. ते कसं मोजायचं याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१५ पासून आहे, आयईसी ६२७९२. ज्या यंत्राला स्मृती नाही, काडतूस नाही, आपोआप थांबणं नाही, असा स्वस्त विद्युत दंडुका पोलीस ठाण्याच्या साठ्यात एकही नसावा, आणि सापडला तर तो ठाणेप्रमुखाचा गुन्हा धरावा. टेझरही ठाण्याच्या इमारतीच्या आत, पोलीस गाडीत आणि बेड्या घातलेल्या माणसावर पूर्ण बंद. अंगाला लावून शॉक देणं कुठेही बंद. या बंदीला मी अपवाद ठेवणार नाही, कारण अपवाद ठेवला की पहिल्याच महिन्यात तोच नियम होतो.

काटे शिपायाने उपटायचे नाहीत. डोळा, चेहरा, मान, छाती, जांघ इथे रुतलेला काटा रुग्णालयातच निघतो. छातीचं तर वेगळंच. खुद्द उत्पादकांनीच २००९ मध्ये छातीवर नेम धरणं टाळा अशी सूचना काढली. पाठ किंवा कमरेखालचा भाग, हे शिकवण्यात पहिलं यायला हवं. आणि टेझर कमरेला पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला, पिवळ्या रंगाचाच. अमेरिकेत २०२१ मध्ये मिनेसोटात एका अनुभवी पोलीस महिलेने टेझर समजून पिस्तूल चालवलं आणि वीस वर्षांचा मुलगा गेला.

राहिला रुग्णालयातला कागद. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ मध्येच अटकेच्या वेळच्या लहानमोठ्या इजांची नोंद, दोघांच्या सह्या आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. प्रत्यक्षात रात्री अकराला आरोपीला ‘मेडिकल’साठी आणतात, शेजारी शिपाई उभा असतो, डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास?’ आणि उत्तर ठरलेलं असतं. टेझर येणार असेल तर त्या छापील नमुन्यात नवा रकाना हवा, आणि तपासणी शिपायाला दाराबाहेर ठेवून. अंगरखा उतरवून पाठ, कुशी, मांड्या, तळवे पाहायचे. दोन ठिपके जोडीने दिसले तर त्यांच्यातलं अंतर मोजपट्टीने मोजायचं, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा. चारएक सेंटिमीटर भरलं तर अंगाला लावलेला शॉक, त्याहून जास्त भरलं आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये टोचल्याची जखम असेल तर काटे. एकाच अंतराच्या किती जोड्या आहेत, ते लिहायचं. ईसीजी काढायचा, लघवीचा रंग विचारायचा, कारण स्नायू फाटले तर ती चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंड धोक्यात येतं. मृत्यू झाला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खालची दंडाधिकारी चौकशी होईलच. तेव्हा शवविच्छेदनाच्या टेबलावर यंत्राची नोंद आणि या जोड्यांची संख्या शेजारी-शेजारी ठेवायची. नोंद म्हणते दोन वेळा, अंगावर जोड्या पाच.